नव्वद दिवसांची हजेरी : थायलंडमधील परकीय वृद्धांच्या नोंदणीची पूर्वपीठिका

थायलंडमध्ये इ. स. १९७९ साली झालेल्या परकीयांच्या प्रवेशासंबंधीच्या कायद्याचे ३७ वे कलम तात्पुरत्या वास्तव्याची परवानगी मिळालेल्या माणसाची कर्तव्ये सांगते. त्याने परवान्यावाचून काम करू नये. अधिकाऱ्यास कळविलेल्या ठिकाणीच राहावे. घर बदलल्यास चोवीस तासांच्या आत पोलिसांस कळवावे. दुसऱ्या प्रांतात जाऊन चोवीस तासांहून अधिक काळ राहिल्यास अठ्ठेचाळीस तासांच्या आत तेथील पोलिसांस वर्दी द्यावी. आणि राज्यातील वास्तव्य नव्वद दिवसांहून अधिक झाल्यास आपला ठावठिकाणा लेखी कळवावा, व पुढे दर नव्वद दिवसांनी तो पुन्हा पुन्हा कळवीत जावे. यांपैकी शेवटच्या उपकलमाने एका विशिष्ट वर्गाच्या आयुष्याला विलक्षण ताल लावून दिला आहे. हा वर्ग म्हणजे युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया इत्यादी देशांतून निवृत्तीनंतर येऊन चिआंग माई, हुआ हिन, पट्टाया, उदोन थानी अशा ठिकाणी राहिलेले वृद्ध. त्यांच्यातील कित्येकांचे वास्तव्य वीस-वीस वर्षांचे असते. तरीही कायद्याच्या दृष्टीने ते तात्पुरते पाहुणे असतात आणि वर्षातून चार वेळा, आपण अजून येथेच आहोत, असे त्यांना सांगावे लागते.

या प्रघाताची उपपत्ती सामान्यतः दोन प्रकारे लावण्यात येते. कोणी तो केवळ कचेरीशाहीचा नमुना मानतात, तर कोणी त्यात परकीयांविषयीचा संशय पाहतात. दोन्ही उपपत्तींत तथ्यांश आहे, पण दोन्ही अपुऱ्या आहेत. कारण ही यंत्रणा मुळात निवृत्त वृद्धांसाठी निर्माण झालेलीच नाही. ती मजुरीसाठी व व्यापारासाठी येणाऱ्या लोकांसाठी, मुख्यतः चिनी लोकांसाठी, दीड-दोन शतकांत थराथराने रचली गेली, आणि वृद्धांचा वर्ग तिच्यात फार उशिरा, मागील दाराने शिरला. परकीय मनुष्य कोण आहे व कोठे आहे याची ग्वाही कोणी द्यावयाची, हा या इतिहासातील खरा प्रश्न आहे. ती ग्वाही कधी त्याच्या मनगटाने दिली, कधी त्याच्या देशाच्या वकिलाने, कधी तो ज्याच्या घरी राहतो त्या घरधन्याने, आणि अलीकडे ती त्याच्या बँकेच्या पुस्तकाने द्यावी अशी अपेक्षा आहे.

प्रथम शब्दांचा विचार करणे सोयीचे होईल, कारण ज्यांना संस्कृत-पालीचा परिचय आहे त्यांना थाई कायद्याची भाषा अर्धीअधिक ओळखीची वाटते. कायद्याला तेथे ‘फ्रा राचबन्यत’ म्हणतात. त्यात ‘वर’, ‘राज’ आणि पालीतील ‘पञ्ञत्ति’, म्हणजे आपली ‘प्रज्ञप्ति’, हे तीन शब्द दडलेले आहेत. राज्य म्हणजे ‘राच-आणाचक’, राजाच्या आज्ञेचे चक्र. नागरिकत्व म्हणजे ‘सञ्चात’, संजाति. निवास म्हणजे ‘खेहसथान’, अर्थात गेहस्थान. निवृत्त होण्याला ‘कसीअन आयु’ म्हणतात आणि त्यातील ‘कसीअन’ हा संस्कृत ‘क्षीण’ होय. मात्र ज्या शब्दांनी परकीय माणसाची जागा ठरते ते शब्द तत्सम नाहीत. कायद्यातील परकीय हा ‘खोन तांग दाव’, म्हणजे वेगळ्या भूमीचा मनुष्य. बोलीभाषेत गोऱ्या माणसाला ‘फरांग’ म्हणतात. हा शब्द मराठीतील ‘फिरंगी’चा सख्खा भाऊ असून दोघांचे मूळ फारसीमार्गे आलेल्या ‘फ्रँक’ या जातिनामात आहे. हिंदी, मलायी, अरब यांना ‘खेक’ म्हणतात; हा दक्षिण चीनमधील बोलीतून आलेला, पाहुणा या अर्थाचा शब्द आहे. कायदा मात्र फिरंगी व पाहुणा असा भेद करीत नाही. तो फक्त ‘मुआंग’मध्ये शिरणाऱ्या माणसांविषयी बोलतो, आणि ‘मुआंग’ या शब्दात नगर व देश हे दोन्ही अर्थ एकवटले आहेत. परकीयांनी भरावयाच्या अर्जांवर जी ‘टी. एम.’ ही अक्षरे असतात ती इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे असल्याचा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक ती ‘त्रुअत खोन खाव मुआंग’, म्हणजे नगरात शिरणाऱ्यांची तपासणी, या थाई नावाच्या ‘तो मो’ या संक्षेपाची रोमन रूपे होत.

आणखी एक शब्दभेद पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ३७ व्या कलमातील क्रियापद ‘चेंग’ हे आहे, आणि त्याचा अर्थ कळविणे एवढाच. टी. एम. ४७ या अर्जाच्या शीर्षकातही तेच क्रियापद येते. पण लोकांच्या तोंडी, आणि कचेऱ्यांच्या पाट्यांवरही, रूढ झालेला शब्द ‘राय-ङान तुआ’ हा आहे. ‘तुआ’ म्हणजे अंग, स्वतः. तेव्हा या शब्दप्रयोगाचा भाव केवळ कळविण्याचा नसून स्वतःला हजर करण्याचा आहे. सैन्यात दाखल होणारा तरुण, महाविद्यालयात प्रवेश घेणारा विद्यार्थी आणि जामिनावर सुटलेला आरोपी, हे तिघेही ‘राय-ङान तुआ’च करतात. मराठीत यासाठी ‘हजेरी’ हा शब्द आपोआप सुचतो. त्याला मात्र आपल्याकडे एक वेगळी काळी छटा आहे. १८७१ च्या कायद्याने ‘गुन्हेगार’ ठरविलेल्या जमातींना सोलापूरसारख्या ठिकाणच्या वसाहतींतून द्यावी लागणारी हजेरी तिच्यात ऐकू येते, आणि तो कायदा देशभर रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले. थायलंडमधील पेन्शनर स्वखुशीने गेलेला असतो व स्वखुशीने परत येऊ शकतो, म्हणून ही तुलना फार ताणता येणार नाही. परंतु कळविणे आणि हजर होणे यांतील अंतर किती थोडे व किती मोठे आहे हे दाखविण्यास ती उपयोगी पडते.

आता मूळ थराकडे वळू. जुन्या सयामी व्यवस्थेत सामान्य प्रजाजन कोणा ना कोणा वरिष्ठाच्या नावे नोंदलेला असे व त्याला ठराविक काळ वेठीची सेवा करावी लागे. ही नोंद त्याच्या मनगटावर गोंदली जाई. चिनी स्थलांतरितांना या वेठीतून सूट होती. ते व्यापारी, मळेवाले व मजूर म्हणून राज्याला पैशाच्या रूपाने अधिक उपयोगी होते, आणि त्यांच्या हालचालींना बांध घालणे राज्याच्या हिताचे नव्हते. म्हणून त्यांच्याकडून दर तीन वर्षांनी डोईपट्टी घेण्यात येई. तिसऱ्या राजाच्या कारकीर्दीत ती चार बाटांहून थोडी अधिक होती. बाट हे तेथील नाणे. कर भरलेल्या माणसाच्या मनगटाला दोरा बांधून त्याच्या गाठीवर लाखेची मुद्रा उमटवीत. या विधीचे नाव ‘फूक पी’. ‘फूक’ म्हणजे बांधणे आणि ‘पी’ म्हणजे ती मुद्रा. ज्यांना असा दोरा मिरविणे लाजिरवाणे वाटे असे सधन चिनी जास्त पैसे भरून त्याऐवजी लेखी दाखला घेत.

या प्रथेकडे अभ्यासकांनी बहुधा करपद्धतीचा एक विचित्र प्रकार म्हणून पाहिले आहे. परकीयांच्या नोंदणीचा इतिहास म्हणून पाहिल्यास तिच्यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. प्रजाजनाची खूण गोंदलेली, म्हणजे कायमची होती. परकीयाची खूण दोऱ्याची होती आणि ती तीन वर्षांनी नव्याने बांधावी लागे. परकीयत्व हे असे आरंभापासूनच मुदतीचे, पुनःपुन्हा नवे करावयाचे मानले गेले. दुसरी गोष्ट अशी की, अधिक पैसे मोजणाऱ्याची देहावरील खुणेतून सुटका होत असे. आजच्या व्यवस्थेतही या दोन्ही गोष्टी आढळतात. त्यांचा उल्लेख पुढे ओघाने येईल. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस ही त्रैवार्षिक पट्टी बंद झाली आणि चिन्यांवर इतर प्रजेसारखाच वार्षिक कर बसला. कराचा बोजा वाढल्यामुळे जून १९१० मध्ये बँकॉकच्या चिनी दुकानदारांनी व मजुरांनी संप पुकारला आणि राजधानीचा व्यवहार तीन दिवस ठप्प झाला. परकीयांच्या नोंदणीचा व फीचा प्रश्न हा राज्याच्या स्थैर्याचा प्रश्न होऊ शकतो, हा धडा सयामी राज्यकर्त्यांनी तेव्हा घेतला असावा.

दुसरा थर वकिलातींचा. १८ एप्रिल १८५५ रोजी हाँगकाँगचा गव्हर्नर सर जॉन बाउरिंग याने राजा मोंगकुट याच्याशी केलेल्या तहाने ब्रिटिश प्रजाजन सयामी न्यायालयांच्या कक्षेबाहेर गेले. हा तह व्यापारी सवलतींसाठी प्रसिद्ध आहे, परंतु वास्तव्यासंबंधीची त्यातील कलमे कमी मनोरंजक नाहीत. सयाममध्ये राहू इच्छिणाऱ्या प्रत्येक ब्रिटिश प्रजाजनाने वकिलातीत नाव नोंदविले पाहिजे. ठरविलेल्या मर्यादेपलीकडे जावयाचे तर वकिलामार्फत सयामी अधिकाऱ्यांचा परवाना घेतला पाहिजे. शहराच्या तटापासून दोनशे ‘सेन’, म्हणजे सुमारे चार मैलांच्या आत, दहा वर्षे राहिल्याखेरीज जमीन विकत घेता येणार नाही. त्याबाहेर घेता येईल, पण बँकॉकपासून चोवीस तासांच्या प्रवासाच्या आत, आणि हा प्रवास देशी होड्यांच्या वेगाने मोजला जाईल. परकीयाचा वावर होडीच्या वेगाने मोजणारे हे कलम आणि घरधन्याला चोवीस तासांची मुदत देणारा आजचा कायदा यांत प्रत्यक्ष संबंध काही नाही. तरीपण वास्तव्य मोजण्याचे माप स्थळाकडून काळाकडे कसे सरकले ते या दोहोंकडे एकत्र पाहिल्यास सहज ध्यानात येते.

वकिलातीच्या वहीत नाव असणे ही त्या काळी फार मोलाची गोष्ट होती, कारण वहीबरोबर न्यायालय येत असे. मुंबई इलाख्यातून, विशेषतः सुरत-रांदेरकडून गेलेले मुसलमान व्यापारी याच वहीच्या आधारे बँकॉकमध्ये व्यापार करीत. उत्तर सयामच्या सागवानी जंगलांत ठेके घेणारी बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनीही १८६३ मध्ये मुंबईतच स्थापन झाली होती. १८९९ मध्ये ब्रिटन व सयाम यांच्यात नोंदणीपुरताच एक स्वतंत्र करार झाला. कोणाला ब्रिटिश प्रजाजन म्हणून नोंदावे याचे वर्ग त्यात ठरले, आणि राणीच्या मुलखात जन्मलेल्या आशियाई लोकांबरोबर हिंदी संस्थानांतील प्रजेचाही त्यांत समावेश झाला. फ्रेंचांनी तर याहून मोकळा हात ठेवला होता. लाओ, ख्मेर व चिनी लोकांना आपल्या आश्रितांच्या यादीत घेण्याचा त्यांचा सपाटा १९०४ व १९०७ च्या तहांनी आवरावा लागला. परकीय कोण हे ठरविण्याचा अधिकारच परकीयांच्या हाती असण्याची ही अवस्था होती. अमेरिकेने १९२० च्या तहाने व ब्रिटनने १९२५ च्या तहाने आपले विशेषाधिकार सोडण्यास प्रारंभ केला आणि १९३७-३८ च्या नव्या तहांनी त्यांचा शेवट झाला. या क्रमाकडे पाहिले म्हणजे सयामच्या नोंदणीविषयक कायद्यांचा उगम केवळ परद्वेषात शोधणे एकांगी ठरते. आपल्या भूमीवर कोण राहतो याची वही आपल्याच हाती असावी, ही त्या राष्ट्राच्या दृष्टीने स्वातंत्र्याची खूण होती.

ती वही हाती येऊ लागताच कायद्यांची मालिका सुरू झाली. १९१३ मध्ये नागरिकत्वाचा कायदा झाला. १९२७ मध्ये प्रवेशनियमनाचा पहिला कायदा आला. १९३६ मध्ये परकीयांच्या नोंदणीचा कायदा झाला व प्रौढ परकीयाला स्वतःजवळ नोंदणीपुस्तक बाळगणे भाग पडले. १९५० मध्ये हे दोन्ही कायदे नव्याने करण्यात आले. प्रत्येक टप्प्यावर रोख मुख्यतः चिन्यांवर होता. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, चिनी आगंतुकांची वार्षिक संख्या दहा हजारांवर बांधण्यात आली आणि दोनच वर्षांत ती प्रत्येक राष्ट्रामागे दोनशेवर आणली गेली. १९५२ मध्ये नोंदणीपुस्तकाची वार्षिक फी वीस बाटांवरून एकदम चारशे बाटांवर गेली. रिक्षा ओढणाऱ्या वा गोदीत काम करणाऱ्या चिनी मजुराला ही रक्कम डोईजड होती, आणि तिच्याविरुद्ध झालेला आक्रोश त्या काळच्या बँकॉकच्या इतिहासात नमूद आहे.

येथे एक विरोधाभास लक्षात घेतला पाहिजे. कायम वास्तव्याचा हक्क मिळालेल्या परकीयाला नव्वद दिवसांची वर्दी द्यावी लागत नाही. त्याच्याजवळ जुन्या परंपरेतले नोंदणीपुस्तक असते आणि नोंदणीच्या दृष्टीने तो देशात मुरलेला मानला जातो. पण हा हक्क दर राष्ट्रामागे वर्षाला शंभर जणांपुरता मर्यादित आहे, व तो मिळविण्याची वाट मुख्यत्वे नोकरी, गुंतवणूक किंवा कुटुंब यांतून जाते. निवृत्त माणसाला ती जवळजवळ बंदच आहे. म्हणून प्रत्यक्षात जो कायमचा राहावयास आला आहे तोच कायद्यात तात्पुरता राहतो.

१९७९ चा कायदा इंडोचीनमधील निर्वासितांच्या लोंढ्याच्या दिवसांत झाला. तात्पुरते वास्तव्य कोणत्या कारणांसाठी देता येईल त्यांची यादी त्याच्या ३४ व्या कलमात आहे. राजनैतिक काम, सरकारी काम, पर्यटन, खेळ, व्यापार, गुंतवणूक, अध्ययन, वृत्तपत्रव्यवसाय, धर्मप्रसार, संशोधन अशी कारणे तीत नावानिशी येतात. वार्धक्य येत नाही. वृद्ध मनुष्य ज्या प्रवेशपत्रावर येतो त्यावरील ‘ओ’ हे अक्षर ‘इतर’ या अर्थाचे आहे. पुढे पोलीस खात्याच्या आदेशांनी त्याच्यासाठी मुदतवाढीचे एक स्वतंत्र कारण निर्माण केले. त्या आदेशांत ‘निवृत्ती’ हा शब्द मथळ्याला नाही. तेथे ‘छाय चीवित नाय बान प्लाय’, म्हणजे आयुष्याचा अखेरचा भाग व्यतीत करणे, असा शब्दप्रयोग आहे. यातील ‘चीवित’ आपले ‘जीवित’च. कचेरीच्या भाषेत इतका हळवा शब्दप्रयोग क्वचितच आढळतो, आणि त्याच्या लगेच खाली रकमा येतात.

या रकमांचाही एक इतिहास आहे. २१ ऑक्टोबर १९९८ पूर्वी आलेल्या व तेव्हापासून अखंड राहिलेल्या माणसाला, वय साठ किंवा अधिक असल्यास, दोन लाख बाटांची ठेव पुरते. पंचावन्न ते साठच्या दरम्यान असल्यास पाच लाखांची लागते. नंतर आलेल्यांसाठी वयाची अट पन्नासावर उतरली, पण ठेव आठ लाखांची झाली. किंवा दरमहा पासष्ट हजारांचे उत्पन्न. किंवा दोहोंची बेरीज आठ लाख. ही तारीख सहज आलेली दिसत नाही. २ जुलै १९९७ रोजी बाट तरता सोडण्यात आला आणि डॉलरमागे पंचवीस असलेला त्याचा भाव सहा महिन्यांत पन्नासापलीकडे घसरला. परकीय चलनातील पेन्शन त्या वेळी अकस्मात श्रीमंतीची झाली, आणि राज्याला परकीय चलनाची निकड होती. पुढे बाट सावरला. रकमा मात्र तशाच राहिल्या. ब्रिटिश सरकारी पेन्शन तर थायलंडमध्ये राहणाऱ्यांच्या बाबतीत गोठवलेली असते, म्हणजे तीत दरवर्षीची वाढ मिळत नाही. त्यामुळे १९९९ मध्ये सुखवस्तू म्हणून आलेला ब्रिटिश निवृत्त विस वर्षांनी, कोणताही अपव्यय न करता, पासष्ट हजारांच्या रेषेखाली सापडू शकतो.

अशा माणसाच्या उत्पन्नाची ग्वाही देण्याचे काम २०१८ पर्यंत त्याच्या दूतावासाचे पत्र करीत असे. हे पत्र म्हणजे १८५५ च्या वकिलाती वहीचा शेवटचा अवशेषच म्हणता येईल, कारण त्यात परकीयाविषयी त्याचे स्वतःचे राज्य शब्द देत होते. परंतु अमेरिकन दूतावास प्रत्यक्षात फक्त अर्जदाराच्या शपथेवरील सहीची साक्ष करीत होता. उत्पन्नाची शहानिशा करणे त्याला शक्य नव्हते. थाई अधिकाऱ्यांना शहानिशा हवी होती. परिणामी ब्रिटन, अमेरिका व ऑस्ट्रेलिया यांच्या दूतावासांनी २०१९ च्या आरंभापासून अशी पत्रे देणे बंद केले. दूतावासाची जागा बँकेने घेतली. दरमहा परदेशातून पासष्ट हजार बाट आल्याच्या वर्षभराच्या नोंदी दाखवा, अथवा ठेव दाखवा, असे ठरले. ठेवीचे नियमही त्याच वर्षी कडक झाले. आठ लाख बाट अर्जापूर्वी दोन महिने व मुदतवाढीनंतर तीन महिने खात्यावर असले पाहिजेत, आणि उरलेल्या काळातही शिल्लक चार लाखांखाली जाता कामा नये. आजारपणासाठी म्हणून साठविलेला पैसा आजारपणातच मोडता येऊ नये, अशी स्थिती यातून उद्भवते. नियम करणाऱ्यांचा हेतू दवाखान्यांची थकबाकी टाळण्याचा असेलही. पण त्याच ठेवीतून दवाखान्याचे देणे भागविणाऱ्याची परवानगी पुढच्या वर्षी धोक्यात येते, ही गोष्ट उरतेच.

घरधन्याच्या ग्वाहीचा प्रकार याहून गुंतागुंतीचा आहे. १९७९ च्या कायद्याचे ३८ वे कलम ‘चाव बान’, म्हणजे घरचा धनी, किंवा निवासाचा मालक अथवा ताबेदार, आणि हॉटेलचा व्यवस्थापक यांच्यावर असे बंधन घालते की, आपल्याकडे परकीय उतरल्यास चोवीस तासांत कळवावे. यासाठी टी. एम. ३० हा अर्ज आहे. न कळविणाऱ्या घरधन्याला दोन हजार बाटांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम थायलंडचेच वैशिष्ट्य समजण्याचे कारण नाही. आपल्या देशातही परकीय पाहुण्याची वर्दी चोवीस तासांत देण्याचे बंधन हॉटेलवाल्यांवर व यजमानांवर आहे. १९३९ च्या नोंदणी कायद्यापासून चालत आलेली ही पद्धत २०२५ च्या नव्या कायद्यानंतरही टिकून आहे. थायलंडमध्ये हॉटेलांनी ते पाळले. खाजगी घरांच्या बाबतीत मात्र ते कित्येक वर्षे झोपलेले होते. २०१९ मध्ये त्याची जाग एकाएकी आली. मुदतवाढीसाठी वा नव्वद दिवसांच्या वर्दीसाठी गेलेल्या वृद्धांना घरधन्याच्या वर्दीची पावती विचारण्यात येऊ लागली, आणि ती नसल्यास आधी दंड भरा असे सांगण्यात येऊ लागले. घरमालक अनेकदा दुसऱ्या शहरी असे व त्याला या कलमाची वार्ताही नसे. दंड भाडेकरूच भरी. एखाद्या रात्रीपुरते दुसऱ्या प्रांतात हॉटेलात राहून आलेल्या माणसाची परतल्यावर पुन्हा नोंद करावी की काय, याविषयी प्रत्येक प्रांताची कचेरी आपापल्या परीने अर्थ लावी.

याची कौटुंबिक बाजू विशेष आहे. १९५४ च्या जमीन कायद्यान्वये परकीयाला सामान्यतः जमिनीची मालकी मिळत नाही. साहजिकच थाई स्त्रीशी विवाह केलेल्या निवृत्ताचे घर बहुधा पत्नीच्या नावे असते, आणि ‘चाव बान’ तीच ठरते. पती मायदेशी मुलांना भेटून परतला म्हणजे चोवीस तासांत पोलिसांना कळविण्याचे कायदेशीर कर्तव्य पत्नीचे. ज्यांना असे कोणी नसे ते ‘ताबेदार’ या शब्दाचा आधार घेत. भाडेकरू हाही घराचा ताबेदारच. तेव्हा तो स्वतःच यजमान होऊन स्वतःचीच पाहुणा म्हणून वर्दी देई. कायद्याच्या भाषेतील एका सैल शब्दाने अशा रीतीने पुष्कळांची सोय केली. बहुवार प्रवेशाचा परवाना असलेला माणूस त्याच पत्त्यावर परतल्यास नव्याने नोंद नको, अशी सवलत २०२० मध्ये मिळाली व हा ताण पुष्कळसा ओसरला.

नव्वद दिवसांच्या वर्दीचे प्रत्यक्ष स्वरूप त्यामानाने साधे आहे. मुदतीच्या पंधरा दिवस आधीपासून सात दिवस नंतरपर्यंत ती देता येते; फी नाही. स्वतः जाता येते, दुसऱ्याला पाठविता येते, नोंदणीकृत टपालाने पाठविता येते, आणि २०१५ पासून संगणकाद्वारेही कळविता येते. देशाबाहेर जाऊन आल्यास दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. चुकल्यास कायद्याने पाच हजार बाटांपर्यंत दंड आहे. कचेरीत बहुधा दोन हजार घेतात. मात्र ही वर्दी म्हणजे वास्तव्याची परवानगी नव्हे, आणि मुदतवाढ म्हणजे वर्दी नव्हे. दोहोंची तारखापत्रके वेगळी चालतात. देशाबाहेर जाण्यापूर्वी पुनःप्रवेशाचा परवाना काढावयाचा राहिल्यास ३९ व्या कलमाने वर्षाची मुदतवाढच लयास जाते. तीन स्वतंत्र कालगणना, शिवाय कागदावर बुद्धसंवत्, ज्यात १९७९ हे २५२२ होते. सत्तरीनंतर स्मरणशक्ती मंदावलेल्या माणसाला हे सांभाळणे कठीण जाते यात नवल नाही. मुदतीपलीकडे राहिल्यास रोजचे पाचशे बाट, कमाल वीस हजार, असा दंड आहे, आणि ८१ व्या कलमात तुरुंगवासाचीही तरतूद आहे.

येथे ‘चेंग’ आणि ‘राय-ङान तुआ’ यांतील भेद कसोटीला लागतो. कायद्याने मागितले आहे ते लेखी कळविणे. अंथरुणाला खिळलेल्या माणसालाही ते शक्य आहे, पण त्याच्या वतीने जाणारे कोणी असेल तरच. ज्याला पत्नी आहे, सून आहे, शेजार आहे, त्याची वर्दी पोहोचते. एकट्या माणसाची पोहोचविण्यासाठी पैसे घेणाऱ्या मध्यस्थांचा धंदा बँकॉकपासून उदोन थानीपर्यंत वाढला आहे. बँकॉकची मुख्य कचेरी २००९ मध्ये सुआन फ्लू गल्लीतून शहराच्या उत्तर टोकाला चेंग वत्थन रस्त्यावरील सरकारी संकुलात गेली, तेव्हापासून मध्यवस्तीतील वृद्धांना तर मध्यस्थ अधिकच जवळचे वाटू लागले.

१ सप्टेंबर २०२२ पासून दीर्घ वास्तव्याचे एक नवे प्रवेशपत्र सुरू झाले. पन्नाशी ओलांडलेला ‘संपन्न निवृत्त’ हा त्यातील एक वर्ग असून त्यासाठी पेन्शन व तत्सम मार्गांनी वर्षाला सामान्यतः ऐंशी हजार अमेरिकन डॉलरांचे उत्पन्न लागते. हे प्रवेशपत्र धारण करणाराला दर नव्वद दिवसांऐवजी वर्षातून एकदाच आपला ठावठिकाणा कळवावा लागतो. फूक पीच्या काळी जादा पैसे भरून मनगटावरील दोऱ्याऐवजी दाखला घेणारा चिनी सावकार आणि हा निवृत्त यांच्यामध्ये सुमारे दोनशे वर्षे आहेत. इतर निवृत्तांच्या पारपत्राला अजूनही टी. एम. ४७ च्या तळाची चिठ्ठी टाचलेली असते, आणि तिच्यावर पुढच्या हजेरीची तारीख शिक्क्याने उमटविलेली असते.